वाट कोण पाहत असे?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरात उत्तरपत्रिकांचा पसारा असतो. पहिल्या सत्राची परीक्षा संपते, शाळेला सुट्टी लागते आणि आम्ही शिक्षक गठ्ठे बांधून पेपर घरी आणतो. गेल्या दिवाळीतही तेच झाले. इशाची नमाज झाली, दस्तरखान आवरले आणि मी बाहेरच्या खोलीत चटई टाकून आठवीचे मराठीचे पेपर पसरून बसले. समोर भिंतीला टेकून माझी थोरली लेक बसली होती. ती पुण्याला कॉलेजात शिकते. सुट्टीसाठी चार दिवस सोलापूरला आली होती. तिच्या मांडीवर तिची स्पॅनिशची वही होती.

ती स्पॅनिश शिकायला लागली तेव्हा मी नाक मुरडले होते, हे आधी कबूल करते. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, कॉलेजात इंग्रजी. त्यात ही पाचवी कशाला? ती म्हणाली, "अम्मी, स्पेनमध्ये आणि दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक देशांत हीच भाषा चालते. पुढे नोकरीला उपयोगी पडेल." मला नोकरीचे एवढे पटले नाही. पण एकदा तिने फोनवर सांगितले की स्पॅनिशमध्ये उशीला 'आल्मोआदा' म्हणतात, तेलाला 'आसेइते', साखरेला 'आसूकार', आणि हे सगळे शब्द अरबीतून आलेले आहेत. स्पेनच्या मोठ्या भागावर काही शतके मुसलमानांचे राज्य होते, 1492 मध्ये ग्रॅनाडा पडले, हे आपण सगळ्यांनी वाचलेले असते. पण राज्य गेले तरी उशी, तेल आणि साखर यांची नावे त्या लोकांच्या तोंडात राहिली, हे मला ठाऊक नव्हते. त्या दिवसापासून मी तिच्या वहीत डोकावू लागले. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला दुसऱ्या भाषेचे व्याकरण दिसले की राहवत नाही.

त्या रात्री तिने वही माझ्याकडे सरकवली. "अम्मी, मला विचारा ना. भूतकाळ आहे. पाठ झालाय का बघायचंय."

मी म्हटले, "किती भूतकाळ आहेत तुमच्यात?"

"बरेच आहेत. हा दुसरा. याला इम्पेरफेक्तो म्हणतात."

नाव ऐकून मला वाटले, हा काहीतरी सदोष काळ असेल. इंग्रजीत एखाद्या गोष्टीला इम्परफेक्ट म्हटले की तिच्यात खोट आहे असा अर्थ होतो. तिने समजावले की व्याकरणात त्याचा अर्थ अपूर्ण असा आहे. ज्या क्रियेचा शेवट सांगितलेला नाही, ती क्रिया. काल एकदा केले आणि संपले, असे सांगायचे असेल तर स्पॅनिशमध्ये वेगळा काळ आहे. रोज करत असे, नेहमी करत असे, किंवा त्या वेळी करत होते, असे सांगायचे असेल तर हा काळ वापरतात.

मी हातातला पेपर खाली ठेवला. कारण त्याच पेपरात आठवीच्या मुलांना मी विचारले होते: 'तो रोज पत्र लिहितो' या वाक्याचा रीतिभूतकाळ करा. उत्तर 'तो रोज पत्र लिहीत असे'. अर्ध्या मुलांनी 'लिहीत होता' लिहिले होते आणि मी प्रत्येक ठिकाणी लाल फुली मारली होती. मराठीत 'लिहीत होता' हा अपूर्ण भूतकाळ आणि 'लिहीत असे' हा रीतिभूतकाळ. दोन वेगळ्या चौकटी. स्पॅनिश माणूस दोन्हीसाठी एकच रूप वापरतो. पाऊस पडत होता तेव्हा दार वाजले, यातला 'पडत होता' इम्पेरफेक्तो. लहानपणी आम्ही गच्चीवर झोपत असू, यातला 'झोपत असू' हाही इम्पेरफेक्तो. मला माझ्या लाल फुल्यांची थोडी लाज वाटली. उर्दूतही आपण 'लिखता था' म्हणतो आणि त्याला माजी इस्तिमरारी म्हणतो, म्हणजे चालू राहिलेला भूतकाळ. हा 'माजी' आणि मराठीतल्या 'माजी आमदार' मधला 'माजी' हा एकच अरबी शब्द, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. घरात उर्दू ढंगाने बोलणाऱ्या त्या मुलांना 'लिहीत होता' जवळचे वाटले, यात त्यांचा काय दोष?

मग मी वही हातात घेतली आणि तिला विचारायला लागले. वाचकांपैकी ज्यांची मुले ही भाषा शिकत असतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण मला हे सोपे आणि गोड वाटले.

स्पॅनिशमध्ये मूळ क्रियापद तीनच प्रकारे संपते: शेवटी 'आर', 'एर' किंवा 'ईर'. 'आब्लार' म्हणजे बोलणे. त्यातला 'आर' काढायचा आणि त्या जागी 'आबा' लावायचे. मी बोलत असे, आब्लाबा. तू बोलत असस, आब्लाबास. तो किंवा ती बोलत असे, पुन्हा आब्लाबा. आम्ही बोलत असू, आब्लाबामोस. तुम्ही बोलत असा, आब्लाबाइस. ते बोलत असत, आब्लाबान.

'एर' आणि 'ईर' या दोघांचे प्रत्यय सारखेच असतात, म्हणून ते पाठ करायला निम्मे कष्ट. 'कोमेर' म्हणजे जेवणे: कोमीआ, कोमीआस, कोमीआ, कोमीआमोस, कोमीआइस, कोमीआन. 'बिबीर' म्हणजे राहणे, जगणे: बिबीआ, बिबीआस, बिबीआ आणि पुढे तसेच. इथे 'ई' वर जोर द्यायचा आणि लिहिताना त्यावर नेहमी छोटी तिरकी रेघ काढायची. ती रेघ विसरली की गुण जातात. 'आबा'च्या रूपांत मात्र ही रेघ फक्त 'आम्ही'च्या रूपावर येते.

अनियमित क्रियापदे किती, हा प्रत्येक विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न. या काळात फक्त तीन: असणे, जाणे आणि पाहणे. बाकी सगळी सरळ. वर्तमानकाळात जी क्रियापदे मधले स्वर बदलून मुलांना छळतात, तीसुद्धा इथे निमूटपणे रांगेत उभी राहतात. मी लेकीला म्हटले, "असा काळ मराठीत असता तर माझे निम्मे पेपर लवकर तपासून झाले असते."

ती म्हणत गेली, मी वहीत बघून मान डोलावत गेले. मध्येच मी स्वतःही म्हणून पाहिले. काम करणे म्हणजे 'त्राबाखार'. त्यातला 'ख' घशातून काढायचा, अगदी आपल्या उर्दूतल्या 'खे' सारखा. "आमच्या वर्गात कुणाला हा नीट जमत नाही," लेक म्हणाली, "तुम्हाला पहिल्या झटक्यात जमला." मी फुशारून गेले.

तक्ता संपला तसे मी वहीचे पान उलटले. पुढच्या पानावर तिचा गृहपाठ होता. वर दोन शब्द: 'आन्तेस' आणि 'आओरा'. पूर्वी आणि आता. 'आन्तेस' खाली पाच वाक्ये लिहिलेली, 'आओरा' खालची जागा कोरी. तिने सांगितले, हा नेहमीचा अभ्यास आहे. लहानपणी आयुष्य कसे होते ते इम्पेरफेक्तोत लिहायचे आणि आता कसे आहे ते वर्तमानकाळात. वरचा भाग तपासून मिळाला होता, खालचा सुट्टीनंतर द्यायचा होता.

"मी वाचते," मी म्हटले. "शब्द अडला तर तू सांग." लेक अक्षरे सांगत होती, मी वाचत होते. मराठी अर्थ मीच लावायचा, अशी मी अट घातली होती.

पहिले वाक्य: क्वान्दो तेनीआ सेइस आन्योस, बिबीआमोस एन सोलापूर. "जेव्हा मी सहा वर्षांची होते, आम्ही सोलापूरला राहत असू." बरोबर.

दुसरे: मी माद्रे त्राबाखाबा एन ऊना एस्क्वेला. "माझी आई एका शाळेत काम करत असे." माझा उल्लेख आला म्हणून मी हसले. आपल्या भाषेतला 'मी' म्हणजे त्यांच्या भाषेत 'माझी', ही गंमतही तेव्हाच कळली.

तिसरे: तोदास लास नोचेस कोर्रेखीआ क्वादेर्नोस. "रोज रात्री वह्या तपासत असे." मी समोरच्या गठ्ठ्याकडे बघितले. खरेच लिहिले होते पोरीने.

चौथे: एस्पेराबा एन ला कामा कोन उन लीब्रो. 'एस्पेरार'चा अर्थ लेकीने सांगितला, वाट पाहणे. याच क्रियापदाचा दुसरा अर्थ आशा करणे असाही आहे. 'आबा' लागलेले दिसत होते. मी लगेच अर्थ लावला: "पुस्तक घेऊन पलंगावर वाट पाहत असे."

आणि माझे मन भरून आले. मला आठवले, ती पाच-सहा वर्षांची असताना मी तिला झोपताना गोष्ट वाचून दाखवत असे. शाळेच्या वाचनालयातून 'किशोर'चे जुने अंक आणत असे. तिच्या लक्षात राहिले म्हणायचे! वह्या तपासून झाल्यावर पुस्तक घेऊन आई माझी वाट पाहत असे, असे लिहिले आहे लेकीने. मी तिला म्हणालेसुद्धा, "तुला आठवतं का गं हे? मी पुस्तक घेऊन बसायचे ते?"

ती काही बोलली नाही. वहीकडे बघत राहिली.

मी पाचवे वाक्य वाचले. आ बेसेस मे दोर्मीआ. "कधी कधी..." पुढे अडले. "हे 'मे' काय आहे?"

"मे म्हणजे मला, माझे स्वतःचे. मे दोर्मीआ म्हणजे मी झोपून जात असे."

"कधी कधी मी झोपून जात असे," मी म्हटले, आणि मग थांबले. हा 'मी' लेकीचा होता. मग त्याच्या आधीच्या वाक्यात पलंगावर कोण होते? मी पुन्हा वर गेले. तेव्हा मला दिसले की 'एस्पेराबा'भोवती लाल पेनने गोल केलेला आहे आणि बाजूला तिच्या शिक्षिकेने एक छोटा शब्द आणि प्रश्नचिन्ह लिहिले आहे: 'यो?'

'यो' म्हणजे मी.

लेक हळूच म्हणाली, "माझी चूक झाली तिथे, अम्मी. तिथे 'यो' लिहायला हवं होतं. आधीच्या वाक्यात आई होती ना, मग वाचणाऱ्याला वाटतं, पुढेही आईच. रूप दोघांचं एकच आहे."

रूप दोघांचे एकच होते. तक्ता विचारताना मीच दोनदा म्हटले होते, मी बोलत असे आब्लाबा, ती बोलत असे पुन्हा आब्लाबा. स्पॅनिश माणूस एरवी वाक्यात मी, तू, ती असे शब्द घालत नाही, कारण क्रियापदाच्या शेवटावरूनच कर्ता कळतो. पण या काळात मी आणि ती यांचे शेवट सारखे असल्यामुळे कर्ता बदलला की तो सांगावा लागतो. एकदा घडून संपलेल्या गोष्टीच्या भूतकाळात ही पंचाईत नाही. तिथे मी वाट पाहिली याला 'एस्पेरे' आणि तिने वाट पाहिली याला 'एस्पेरो', शेवटी जोर देऊन. एका रात्रीची गोष्ट असती तर मला लगेच कळले असते की वाट पाहणारी कोण. रोजची गोष्ट होती, म्हणून कळले नाही.

आणि माझे मराठी भाषांतरही किती बिनचूक होते! 'पुस्तक घेऊन पलंगावर वाट पाहत असे.' मराठीतही मी वाट पाहत असे आणि ती वाट पाहत असे, रूप एकच. आपल्याकडेही कर्ता सांगितला नाही तर या रूपावरून बाई की पुरुष, मी की ती, काही कळत नाही. मी एवढी वर्षे रीतिभूतकाळ शिकवते, पण हे कधी माझ्या ध्यानात आले नव्हते. कर्ता कोण हे मी मनानेच ठरवले, आणि जे मला बरे वाटेल ते ठरवले.

आता खरे सांगते. गोष्ट वाचून दाखवण्याचे दिवस थोडे होते. फार तर काही महिने. ती सहा वर्षांची झाली त्या सुमारास मला शिक्षणसेवक म्हणून नेमणूक मिळाली. तीन वर्षे मानधनावर काढायची होती, नंतर कायम होणार होते. चार वर्ग, एकेका वर्गात साठच्या आसपास मुले. सासूबाई आजारी असत. मुलांचे अब्बा कामावरून रात्री उशिरा येत. दिवसभर शाळा, संध्याकाळी स्वयंपाक, आणि वह्यांसाठी उरे ती फक्त रात्र. लेक पलंगावर 'किशोर'चा अंक घेऊन बसे आणि मी म्हणे, "ही एवढी वही झाली की आलेच." ती एवढी वही कधी संपली नाही. मी खोलीत जाई तेव्हा दिवा चालू असे, अंक छातीवर उघडा असे आणि ती झोपलेली असे. मी अंक काढून घेई, पांघरूण घाली आणि मनात म्हणे, उद्या नक्की.

माझ्या आठवणीत मी गोष्ट वाचत असे. तिच्या आठवणीत ती वाट पाहत असे. दोघींपैकी कोणी खोटे बोलत नव्हते. पण कुठली गोष्ट रोजची होती आणि कुठली अधूनमधूनची, हे तिने बरोबर लक्षात ठेवले होते. तिने लिहिले होते 'तोदास लास नोचेस', सगळ्या रात्री.

मी तिला विचारले, "फार वाईट वाटायचं का गं?"

ती म्हणाली, "अम्मी, व्याकरणाचा अभ्यास आहे हा. पाच वाक्यं लिहायची होती. जे आठवलं ते लिहिलं."

हे ऐकून मला जास्त लागले. तक्रार केली असती तर मी कारणे सांगितली असती. माझ्याकडे कारणे पुष्कळ होती आणि सगळी खरी होती. पण तिने तक्रार केलीच नव्हती. सहा वर्षांची असताना घरी काय चालत असे, असे विचारल्यावर तिला जे आठवले तेच तिने लिहिले होते.

मी म्हटले, "माफ कर बाळा. मला यायला हवं होतं."

ती एकदम गोंधळली. आपल्या घरांत आई मुलांची माफी मागत नाही. आमच्या अम्मींनी आमची कधी मागितली नाही, मीही कधी मागितली नव्हती. ती उठून माझ्याशेजारी चटईवर येऊन बसली आणि म्हणाली, "द्या इकडे, मी बेरजा करते. तुमच्या बेरजा चुकतात." मग रात्री उशिरापर्यंत मी पेपर तपासले आणि तिने गुणांच्या बेरजा केल्या. त्यावर आम्ही दोघी आणखी काही बोललो नाही.

ती पुण्याला परत गेल्यावर बरेच दिवस तो काळ माझ्या डोक्यातून जाईना. मला आणखी एक गोष्ट आठवली. लहानपणी मदरशात आणि नंतर उर्दू शिकताना थोडी अरबी माझ्या कानावरून गेली आहे. अरबीतही भूतकाळातली सवय सांगायची असेल तर 'काना' हे क्रियापद आणि त्याच्यापुढे मुदारे, म्हणजे चालू काळातले क्रियापद ठेवतात. हदीसच्या किताबांत हे 'काना' जागोजागी येते, कारण तिथे प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची रोजची राहणी सांगितलेली असते. हजरत आयेशा (रजि.) यांना कोणी तरी विचारले होते की प्रेषित घरात असताना काय करीत असत. त्यांच्या उत्तराचा आशय असा की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात असत. ही हदीस बुखारीत आहे. मी ती किती वेळा ऐकली असेल, मुलींना सांगितलीही असेल. पण विचारणाऱ्याने प्रश्न रीतिभूतकाळात विचारला आहे, हे या वेळी पहिल्यांदा जाणवले. एखाद्या दिवशी काय केले, असे त्याने विचारले नव्हते. काय करीत असत, असे विचारले होते. आणि हे सांगू शकते ते घरातले माणूसच.

माझ्याबद्दल हा प्रश्न कोणी विचारला तर शाळेत वेगळे उत्तर मिळेल आणि घरात वेगळे. शाळेत म्हणतील, टीचर वह्या वेळेवर तपासत असत. त्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी सोडणार नाही. गरिबाघरचे पोर वही देते तेव्हा ती तपासून परत मिळाली पाहिजे, हे माझे मत आजही तेच आहे. नोकरी करणाऱ्या बाईने नोकरी सोडून पलंगावर बसावे, असेही मला म्हणायचे नाही. त्या काळात माझ्या पगारावर घरातले औषधपाणी चालत असे. मला एवढेच वाटते की साठ वह्यांतली एक वही दुसऱ्या दिवशी गेली असती तर काही बिघडले नसते. रोज दहा मिनिटे उठले असते तर लेकीचे चौथे वाक्य वेगळे झाले असते.

पण या काळाची एक चांगली गोष्टही आहे, आणि ती मला लेकीनेच फोनवर सांगितली. इम्पेरफेक्तोत शेवट दाखवलेला नसतो. गोष्ट संपली की अजून चालू आहे, हे त्या रूपावरून कळत नाही. ते पुढच्या वाक्यावर अवलंबून असते.

पुढचे वाक्य म्हणजे तिच्या वहीतला तो कोरा भाग, 'आओरा'. सुट्टीनंतर आठवड्याने तिचा फोन आला. आता आम्ही रोज रात्री नऊ वाजता फोनवर बोलतो. ती मला तीन-चार शब्द शिकवते आणि मी तिला माझ्या वर्गातल्या गमती सांगते. त्या दिवशी ती म्हणाली, "गृहपाठ तपासून आला. वाचू का?" तिने वाचले. आता मी पुण्यात राहते. आता माझी आई स्पॅनिश शिकते. आणि तिसरे: मे एस्पेरा आ लास न्वेबे.

'एस्पेरा' मी ओळखले. 'मे' आता ठाऊक झाले होते. 'न्वेबे' म्हणजे नऊ. "नऊ वाजता माझी वाट पाहते," मी म्हटले, आणि घाईघाईने विचारले, "कोण?"

"तुम्ही, अम्मी. इथे 'यो'ची गरज नाही. वर्तमानकाळात मीचं आणि तीचं रूप वेगळं असतं."

घरात धाकटा आहे, तिसरीत शिकतो. त्याला पुस्तकांपेक्षा क्रिकेटच्या गोष्टी जास्त आवडतात. लेकीचा फोन झाला की मी वह्यांचा गठ्ठा कपाटावर ठेवते आणि त्याच्या खोलीत जाते. दहा मिनिटे, फार तर पंधरा. कुठल्या तरी जुन्या सामन्याची गोष्ट तोच मला सांगतो, मी ऐकते. रोज जमते असे नाही. परीक्षेच्या दिवसांत दोन-तीनदा चुकले, पाहुणे आले तेव्हा चुकले. मग तो खोलीतून ओरडतो, "अम्मी, येता ना?" आणि माझ्या तोंडात सवयीने येते, ही एवढी वही झाली की आलेच. तेवढ्यात मला ते लाल गोल केलेले क्रियापद आठवते आणि मी पेनाचे टोपण लावते.

उठून त्याच्याकडे जाते तेव्हा कधी कधी तो झोपलेला असतो. बहुतेक वेळा जागा असतो.